केनेडींची पाठ : चार ऑपरेशनं, असंख्य इंजेक्शनं आणि शेवटी व्यायाम

तुमची पाठ किंवा कंबर वर्षभर दुखत असेल, तर एव्हाना तुमच्याकडे एक जाडजूड फाईल तयार झाली असेल. एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. एकाने मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलेलं असतं, दुसऱ्याने नस दबली आहे म्हणून, आणि एखाद्या ठिकाणी ऑपरेशनचा खर्चही विचारून झालेला असतो. मग शेजारचे कुणीतरी सांगतात की आता ऑपरेशन करावं लागत नाही, नुसत्या इंजेक्शनने काम होतं. आणि तुम्ही फाईल घेऊन माझ्यासमोर बसता आणि विचारता की इंजेक्शन घेऊ का.

हा प्रश्न आला की मला दरवेळी एका माणसाची पाठ आठवते. अमेरिकेचे 35वे अध्यक्ष जॉन केनेडी. पैसा होता, ओळखी होत्या, त्या काळातले नामांकित डॉक्टर दाराशी होते. तरीही पाठीने त्यांना वीस वर्षांहून जास्त काळ छळलं. त्यांचे वैद्यकीय कागद कित्येक वर्षं बंद होते. 2002 मध्ये इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना ते पाहायला मिळाले आणि फोटोत नेहमी हसतमुख दिसणाऱ्या या माणसाने काय काय सोसलं होतं, हे लोकांना नीट कळलं. ऑपरेशनने काय होतं, इंजेक्शनने काय होतं आणि कशाने काय होत नाही, हे सगळं त्या एका पाठीवर घडून गेलेलं आहे. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगतो.

तरुण वयातली दुखरी पाठ

केनेडी यांचा जन्म 29 मे 1917 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइनचा. लहानपणापासून पोटाच्या तक्रारी, ताप, वारंवार हॉस्पिटल. हार्वर्डमध्ये शिकताना पाठीचं दुखणं सुरू झालं. फुटबॉल खेळताना लागल्यामुळे ते झालं असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. 1941 मध्ये सैन्यात भरती व्हायला गेले तर पाठीमुळे तपासणीत नापास झाले. वडील मोठे आणि वजनदार होते, त्यांनी शब्द टाकला आणि मुलगा नौदलात गेला.

नौदलात त्यांना मिळाली ती छोटी, वेगवान टॉर्पेडो बोट. अशी बोट लाटांवर आपटत चालते. आपल्याकडे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून प्रवास केलेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल. ऑगस्ट 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ रात्रीच्या अंधारात एका जपानी युद्धनौकेने ही बोट, पीटी-109, मधोमध चिरली. दोन खलाशी गेले. केनेडींनी भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरला आणि त्याला ओढत कित्येक तास पोहून बेट गाठलं. ते वीर ठरले. पाठ मात्र पुढे आणखी बिघडत गेली.

पहिलं ऑपरेशन आणि एमआरआयचा प्रश्न

जून 1944 मध्ये बॉस्टनला कमरेच्या मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं. निदान होतं गादी सरकल्याचं. प्रत्यक्ष उघडल्यावर अपेक्षेसारखी सरकलेली गादी सापडली नाही. थोडं मऊ पडलेलं, झिजलेलं कूर्चेचं ऊतक होतं, ते काढलं. दुखणं थांबलं नाही.

इथे जरा थांबू या, कारण तुमच्या हातातल्या एमआरआयचा संबंध इथेच येतो. तेव्हा एमआरआय नव्हता, आज आहे, पण चूक तीच होऊ शकते. पन्नाशीच्या वयातल्या, पाठीची काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या गाद्या झिजलेल्या किंवा थोड्या फुगलेल्या दिसतात. चेहऱ्यावर सुरकुत्या येतात तशाच मणक्यातही येतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये बल्ज किंवा डीजनरेशन हे शब्द दिसले म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं होत नाही. रिपोर्टमधली जागा, तुमचं दुखणं आणि डॉक्टरांनी पाय उचलून, सुई टोचून, हातोडी मारून केलेली तपासणी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ऑपरेशनचा विचार करायला अर्थ आहे. हे जुळत नसताना केलेलं ऑपरेशन म्हणजे केनेडींचं 1944 चं ऑपरेशन.

मात्र काही लक्षणं अशी आहेत की तिथे ना इंजेक्शनची वाट पाहायची, ना व्यायामाची. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणं, चप्पल पायातून निसटणं. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं, रात्री जास्त दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा घरातलं म्हातारं माणूस पडलं असेल, तरी आधी तपासणी, मग बाकीचं.

ज्या ऑपरेशनने जीव जायची वेळ आली

युद्धानंतर केनेडी राजकारणात आले. 1946 मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून गेले. 1947 मध्ये लंडनमध्ये आजारी पडले तेव्हा अ‍ॅडिसनचा आजार असल्याचं निदान झालं. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराला लागणारं स्टेरॉइड पुरेसं तयार करत नाहीत, तो हा आजार. पुढे आयुष्यभर त्यांना स्टेरॉइड घ्यावं लागलं. अशा रुग्णाला ऑपरेशनचा ताण सहन होत नाही, आणि स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो, जखम उशिरा भरते, हाडंही ठिसूळ होतात.

1954 मध्ये ते सिनेटर होते, लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि कुबड्यांशिवाय चालता येत नव्हतं. बॉस्टनचे डॉक्टर धोका पत्करायला तयार नव्हते. मग न्यूयॉर्कला ऑक्टोबर 1954 मध्ये धातूची पट्टी आणि स्क्रू घालून मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं. तीन दिवसांत लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला, ते बेशुद्धीत गेले आणि धर्मगुरूंना बोलावून अंतिम विधीही करण्यात आला. वाचले. पण जखमेत पू झाला. फेब्रुवारी 1955 मध्ये तिसरं ऑपरेशन करून ती पट्टी काढावी लागली. 1957 मध्ये त्याच जागी पुन्हा गळू झालं, ते उघडून साफ केलं, ते चौथं.

अ‍ॅडिसनचा रुग्ण एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून जगला, ही डॉक्टरांना इतकी विशेष गोष्ट वाटली की 1955 मध्ये एका शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात 37 वर्षांच्या एका पुरुषाची केस म्हणून ती छापून आली, नाव न देता. डॉक्टरांच्या दृष्टीने ते यश होतं. रुग्णाची पाठ होती तशीच दुखत होती. यश कशाला म्हणायचं, हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनशी बोलून घ्या: पायातली कळ जाणार का, कंबर दुखायची थांबणार का, की फक्त पुढचं नुकसान टळणार.

तुम्हाला मधुमेह असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर हे ऑपरेशनच्याच नव्हे, साध्या इंजेक्शनच्याही आधी सांगा. स्टेरॉइडचं इंजेक्शन मणक्यात किंवा गुडघ्यात दिलं तरी काही दिवस साखर वर जाते. बरेच रुग्ण मला हे नंतर येऊन सांगतात, साखर 300 झाल्यावर.

डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांची सुई

मे 1955 मध्ये केनेडी कुबड्या घेऊन न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्या दवाखान्यात गेले. त्या सर्जन नव्हत्या. स्नायूंच्या दुखण्याचा अभ्यास हा त्यांचा विषय. मणक्याचं चित्र बाजूला ठेवून त्यांनी पाठीवरून, कमरेवरून, मांडीवरून बोटं फिरवली आणि दुखणाऱ्या गाठी शोधल्या.

या गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूतला एक ताणलेला पट्टा, त्यात दाबल्यावर कळ येणारी एक जागा, आणि ती कळ भलतीकडेच जाते. कुल्ल्यातली गाठ दाबली की पोटरीपर्यंत दुखतं आणि रुग्णाला वाटतं सायटिका आहे. मानेच्या बाजूची गाठ दाबली की डोक्यात कळ जाते. अशा गाठीत बारीक सुई घालून थोडं बधिर करणारं औषध सोडतात. ट्रॅव्हेल प्रोकेन वापरत. औषधाचा असर तासाभरात ओसरतो, पण आखडलेला स्नायू सैल झालेला असतो आणि त्या वेळात त्याला ताण देऊन लांब करता येतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला स्वतःला तीच जास्त आवडते. त्यांनी केनेडींचे दोन्ही पाय मोजले. डावा थोडा आखूड निघाला. प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला कलत होती. त्यांनी बुटाच्या टाचेत भर घातली. ते कसे बसतात हे पाहिलं आणि झुलती खुर्ची सुचवली, कारण तिच्यात स्नायू एकाच स्थितीत आखडून राहत नाहीत. पुढे ती खुर्ची त्यांची ओळखच झाली. हॉस्पिटल बदलण्याआधी चप्पल, खुर्ची, गादी आणि मोटारसायकलचं सीट बघा, हे मी जे सांगतो ते त्यांच्याकडूनच आलेलं आहे.

केनेडींना गुण आला. कुबड्या बाजूला पडल्या. 1960 ची निवडणूक त्यांनी उभ्याने, फिरून लढवली. जानेवारी 1961 मध्ये ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. अध्यक्षांच्या व्यक्तिगत डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आज तुम्हाला सुचवली जाणारी इंजेक्शनं मात्र एकाच प्रकारची नसतात, आणि गोंधळ इथेच होतो. ट्रिगर पॉइंटचं इंजेक्शन स्नायूत असतं, ते बाह्यरुग्ण विभागात पाच-दहा मिनिटांत होतं. एपिड्युरल इंजेक्शन मणक्यातल्या नसांभोवतीच्या जागेत स्टेरॉइड सोडण्यासाठी असतं. गादीमुळे नस दबून पायात कळ जात असेल तर त्याचा उपयोग होतो, काही आठवडे ते काही महिने. नुसती कंबर दुखत असेल, पायात कळ नसेल, तर फारसा होत नाही. मणक्यामागच्या लहान सांध्यांमुळे दुखत असेल तर आधी त्या सांध्याच्या नसा बधिर करून बघतात. त्याने दुखणं खरंच थांबलं, तर रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने त्या बारीक नसा निकामी करतात. हा आराम बहुधा काही महिने, कधी वर्षभर टिकतो, नस परत वाढली की दुखणं परत येऊ शकतं. गुडघ्यातलं स्टेरॉइडही असंच, काही आठवड्यांचं पाहुणं. मणक्यातली इंजेक्शनं सी-आर्म एक्स-रेवर किंवा सोनोग्राफीवर बघून द्यायची असतात. अंदाजाने नाही.

व्हाइट हाउसमधला घोळ

16 मे 1961 रोजी कॅनडात ओटावा इथे एका समारंभात केनेडींनी झाड लावलं. फावड्याने माती उचलताना कंबरेत चमक भरली आणि सगळं पूर्वपदावर आलं. पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाला ख्रुश्चेव्ह यांच्याशी भेट होती. कुबड्या पुन्हा निघाल्या, लोकांपासून लपवून. प्रोकेनची इंजेक्शनं वाढत वाढत दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी लागू लागली.

आणि याच काळात एक वेगळेच डॉक्टर त्यांच्याकडे येत होते, न्यूयॉर्कचे मॅक्स जेकबसन. ते जे इंजेक्शन देत त्यात अ‍ॅम्फेटामाइन असे, म्हणजे मेंदूला तरतरी आणणारं उत्तेजक. दुखणं विसरायला होई, थकवा पळे. व्हिएन्नालाही जेकबसन सोबत होते. पुढे 1975 मध्ये त्यांचा परवाना रद्द झाला.

हे वाचून तुम्हाला हसू येईल की एवढा मोठा माणूस असं कसं घेऊ शकतो. पण आपल्याकडे गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आठवा. दोन दिवसांत आजी भराभरा चालायला लागतात, घरचे खूश. त्या पुडीत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सहा महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळतो. केनेडींच्या ग्रंथी आजाराने बंद पडल्या होत्या, आजींच्या त्या पुडीने.

जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर म्हणून मला या काळात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ग्रंथींचे डॉक्टर वेगळे, पाठीच्या ट्रॅव्हेल वेगळ्या, नौदलाचे डॉ. जॉर्ज बर्कली वेगळे, जेकबसन चोरून. प्रत्येक जण आपापलं देत होता. जगातल्या सर्वात महत्त्वाच्या रुग्णाची संपूर्ण फाईल एका कुणाच्या हातात नव्हती. तुमच्या घरीही असंच चाललं असेल, तर सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि ज्या डॉक्टरला तुम्ही नेहमी भेटता त्याच्या टेबलावर ओता.

डॉ. हान्स क्राउस

ऑक्टोबर 1961 मध्ये इंजेक्शनांची काळजी वाटून डॉ. बर्कली आणि ग्रंथीतज्ज्ञ डॉ. यूजीन कोहेन यांनी पुढाकार घेतला आणि न्यूयॉर्कहून डॉ. हान्स क्राउस यांना बोलावलं. क्राउस मूळचे ऑस्ट्रियातले, डोंगरकडे चढणारे गिर्यारोहक. दुखावलेल्या माणसाला झोपवून ठेवण्याऐवजी लवकरात लवकर हलवायचं, हे त्यांचं म्हणणं. 1950 च्या दशकात त्यांनी अमेरिकी मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा स्नायूंच्या साध्या चाचण्यांत मागे पडतात हे दाखवलं होतं आणि त्यामुळे तिथल्या सरकारला शालेय तंदुरुस्तीसाठी परिषद नेमावी लागली होती.

त्यांनी केनेडींना तपासलं. पोटाचे स्नायू इतके दुबळे की आडवं पडून उठून बसता येईना. मांडीमागचे स्नायू ताठ झालेले, वाकता येईना. 44 वर्षांचा माणूस. क्राउस यांचा इशारा सरळ होता: व्यायाम आत्ता सुरू केला नाही तर चाकाच्या खुर्चीची वेळ येईल. आणि अट होती की प्रोकेनची इंजेक्शनं बंद.

मग व्हाइट हाउसच्या तरणतलावाशेजारच्या छोट्या व्यायामशाळेत आठवड्यातून तीनदा उपचार सुरू झाले. क्राउस न्यूयॉर्कहून विमानाने येत. सुरुवात वजनं उचलण्याने नव्हती. आधी पडून श्वास, अंग सैल सोडणं, मग हळूहळू ताणणं, मालिश, कोमट पाण्यात पोहणं. ताकदीचे व्यायाम त्यानंतर, थोडे थोडे वाढवत. काही महिन्यांत, 1962 उजाडल्यावर, फरक पडला. अनेक वर्षांत इतकी बरी पाठ त्यांना मिळाली नव्हती. कारभार तोच होता, क्युबाचा क्षेपणास्त्र-पेचही त्याच वर्षीचा.

यावरून ट्रॅव्हेल चुकल्या आणि क्राउस बरोबर, असं म्हणणं मला पटत नाही. 1955 मध्ये ज्या माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं, त्याला व्यायाम सांगून काय उपयोग? आधी दुखणं खाली आणणं गरजेचं होतं, ते ट्रॅव्हेल यांच्या सुईने केलं. पुढे 1983 मध्ये डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेल्या ट्रिगर पॉइंटवरच्या त्यांच्या ग्रंथातही स्नायूला ताण देण्यावर आणि बसण्या-उठण्याच्या सवयी सुधारण्यावर भर आहे. व्हाइट हाउसमध्ये बिघडलं ते एवढंच, की दुखणं कमी झालेल्या त्या वेळात स्नायूंसाठी काही केलं गेलं नाही, आणि असर उतरला की पुन्हा सुई.

तुमचा प्रश्न होता इंजेक्शन घेऊ का. निदान जुळत असेल आणि दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल, तर जरूर घ्या. पण ज्या दिवशी इंजेक्शनची तारीख घ्याल, त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टची तारीखही घ्या, साधारण पुढच्या आठवड्यातली. देणाऱ्या डॉक्टरांना विचारा की हे नेमकं कुठे आणि कशासाठी, असर किती दिवस, आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय. एका इंजेक्शनने काहीच फरक पडला नाही, तर तेच पुन्हा घेण्याआधी निदान तपासायला सांगा. व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे थोडं अंग दुखेल. त्याने मणका मोडत नाही. पायात नवीन कळ, बधिरपणा आला तर मात्र थांबा आणि कळवा.

पट्टा

एक गोष्ट क्राउस यांना पूर्ण सोडवता आली नाही, ती कमरेचा पट्टा. केनेडी कित्येक वर्षं कापडी, कडक पट्टा बांधत. पाठीला बरं वाटू लागल्यावर तो हळूहळू सुटावा, असा क्राउस यांचा प्रयत्न होता. पण 22 नोव्हेंबर 1963 रोजी डलासमध्ये उघड्या गाडीत बसले तेव्हा शर्टाखाली तो होता, आणि त्यावरून कंबर-मांड्यांभोवती लवचिक बँडेज गुंडाळलेलं होतं. पहिली गोळी मानेतून गेल्यावर ते खाली कोसळले नाहीत, बसलेलेच राहिले आणि दुसरी डोक्यात लागली. पट्ट्यामुळे ते ताठ राहिले असं काही डॉक्टरांचं मत आहे. सगळ्यांना ते पटत नाही.

तुमच्या पट्ट्याचं एवढंच: तीव्र चमक असेल तेव्हाचे काही दिवस, लांबचा प्रवास, जड काम, एवढ्यापुरता बांधा. झोपताना काढा. वर्षभर रोज बांधत असाल तर एकदम फेकू नका. घरात बसताना अर्धा तास काढून ठेवण्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला वेळ वाढवा, आणि त्याबरोबर पोटाचे-पाठीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून नको.